‘ब्लॅकमेल’मधले ‘मेल’ टपालाचे नव्हे

महोदय,

‘ब्लॅकमेल’ म्हणजे धमकीचे निनावी पत्र, म्हणून त्यात टपालाचे ‘मेल’ आले, अशी फोड सर्रास केली जाते. ती साफ चूक आहे. टपालाचे ‘मेल’ जुन्या फ्रेंचमधले. तिथे त्याचा अर्थ थैली. ब्लॅकमेलमधले ‘मेल’ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेच्या वंशाचे. मूळ अर्थ बोलणे, करार. स्कॉटलंडमध्ये त्याचा झाला खंड, म्हणजे जमिनीचे भाडे किंवा सारा.

१६व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या टोळ्या शेतकऱ्यांची गुरे हाकून नेत. ती गोठ्यात राहावीत, दुसऱ्या टोळीनेही नेऊ नयेत, यासाठी पैसे, धान्य किंवा गुरेच द्यावी लागत. हा झाला ‘काळा खंड’. जमीनदाराचा खंड वेगळाच. १६०१च्या कायद्याने उत्तर इंग्लंडमधल्या कंबरलंड, नॉर्थम्बरलंड, वेस्टमोरलंड आणि डरहॅममध्ये हा काळा खंड घेणाऱ्यालाच नव्हे, देणाऱ्यालाही देहदंड ठेवला. म्हणजे नाडलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यालाही फास! (आपल्याकडच्या चौथाईची आठवण व्हावी असाच हा प्रकार.)

गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ पुढे १९व्या शतकात रुळला. त्यामुळे ‘ब्लॅकमेल करून खंडणी उकळली’ ही बातमीतली वाक्यरचना मूळ अर्थाने द्विरुक्ती असली, तरी आजच्या अर्थाने बिनचूक आहे. तिला उगाच नावे ठेवू नयेत.

– एक वाचक, ठाणे