गुन्हेगारीचा दर आणि न लिहिलेल्या तक्रारी

महोदय,

जिल्हानिहाय गुन्हेगारीचे आकडे प्रसिद्ध झाले की कोणता जिल्हा शांत यावर चर्चा रंगते. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. वर्धा व गडचिरोलीत दारूबंदी असल्याने तेथे दारूविक्री हाच गुन्हा ठरतो, शेजारच्या जिल्ह्यात परवाना असेल तर ठरत नाही; मग तुलना कशी करावी?

आमच्या भागात शेतातील मोटारपंप, केबल वा वेचून ठेवलेला कापूस चोरीला गेला, की ठाण्यात पुष्कळदा नुसता अर्ज ठेवून घेतला जातो. वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न आणता नोंदवावी लागते, ती ऑनलाइनही देता येते (तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते, एवढेच), प्रत विनामूल्य मिळते आणि ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत, मेळघाटात कोरकूतही, का नसावे?

तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवण्याचे बंधनही त्याच संहितेत आहे. सीसीटीव्हीची उद्घाटने खुशाल व्हावीत. आधी हे बंधन किती प्रकरणांत पाळले, याची ठाणेनिहाय माहिती जिल्हा पोलिसांनी दर तिमाहीस जाहीर करावी.

— एक शेतकरी वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ