वेगा बेटांवरची आयडर बदकं

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आयडर या समुद्री बदकाच्या पिसांच्या एका दुलईला एवढे पैसे कशासाठी, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'वेगा' नावाच्या बेटांवर आहे. नॉर्वेच्या नूरलान प्रांतातली ही समुद्रातली चिमुकली पालिका, वस्ती जेमतेम १,२०० आणि बेटं-खडक मिळून सुमारे ६,५००. २००४ साली युनेस्कोनं हा द्वीपसमूह जागतिक वारसा ठरवला, तो माणूस आणि रानटी आयडर बदक यांच्यातल्या दीड हजार वर्षांच्या नात्यासाठी. पुरुष मासेमारीला जात, बदकं बायका सांभाळत. त्यांच्या या कामाचा त्यात मुद्दाम गौरव आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

काम बदकं येण्याआधी सुरू होतं. किनाऱ्यावर आलेलं समुद्रशेवाळ गोळा करून पसरायचं, उलथत राहायचं, पाऊस आला की पुन्हा वाळवायचं. इथे हयगय चालत नाही, कारण ओलसर घरट्यात अंडी गारठतात आणि लव, म्हणजे दुलईत भरायची बदकाची मऊ पिसं, खराब होते. मग दगड, फळ्या, वाहून आलेली लाकडं, कधी एखादी पालथी होडी यांचे आडोसे नीट करायचे आणि प्रत्येकात वाळलेल्या शेवाळाचं घरटं हातानं बसवायचं.

मादी आली की गडबड बंद. आरडाओरडा नाही, कुत्रा नाही, अनोळखी माणूस नाही. ती चार ते सहा अंडी घालते, स्वतःच्या पोटाची लव उपटून घरट्याला अस्तर लावते आणि सुमारे २५ दिवस जवळपास उपाशी बसून राहते. कावळे, कुरव पक्षी आणि गरुड यांच्यापासून तिला राखायचं. सगळ्यात वाईट मिंक. फरसाठी पाळलेले हे अमेरिकी प्राणी पिंजऱ्यांतून सुटले. ते आडोशात शिरून बसलेल्या मादीलाच मारतात.

पिल्लं वाळली की आई त्यांना समुद्रावर नेते आणि मगच लव उचलायची. आधी हात लावला तर अंडी थंड पडतात, बिथरलेली मादी पुढच्या वर्षी येईलच असं नाही.

उचललेल्या लवेत शेवाळ, कवचं, विष्ठा सगळं असतं. ती कडक वाळवली की शेवाळाचा चुरा होतो. मग ती 'हार्प'वर, म्हणजे ताणलेल्या तारांच्या लाकडी चौकटीवर घासतात. कचरा खाली गळतो, लव तारांना धरून राहते. आपला पिंजारी कापूस मोकळा करतो. इथे मात्र तंतूंची एकमेकांत अडकलेली पकडच जपायची असते, ऊब तीच धरते. घाईनं जोर लावला की तंतू तुटतात. उरलेले कण शेवटी बोटांनी वेचतात. एका दुलईला साधारण किलोभर साफ लव लागते, म्हणजे ६० ते ७० घरट्यांची. आता किमतीचा हिशेब तूच कर.

१९७० च्या दशकात बाहेरच्या बेटांवरची बरीच कुटुंबं कायमची निघून गेली. माणूस गेला तशी राखण गेली आणि बदकंही ओसरली. ती माणसांच्या सावलीत राहायला शिकली होती ना! लोनानसारख्या बेटांवर काही कुटुंबं दर वसंतात परततात आणि घरटी मांडतात, म्हणून हे अजून जिवंत आहे.

जायचा बेत असेल तर जुलैनंतरचा ठेव, उबवणीच्या काळात त्या बेटांवर उतरायचं नाही. नेस गावातल्या छोट्या संग्रहालयात हार्प जवळून बघ आणि साफ न केलेली मूठभर लव हातात घेता येते का, ते नक्की विचार.

तुझा,
अविनाश