हिमगौरी गोरीच का लागते?

संपादक साहेब,

भाचीच्या शाळेत गॅदरिंगला हिमगौरीचं नाटक बसवतायत, सगळे डायलॉग हिचे पाठ, पण रोल गेला दुसरीला, कारण काय तर 'ती गोरी आहे ना'. सात वर्षांची पोर आता रोज आंघोळीला बेसन मागते. गोष्ट मराठीत आणतानाही आपण नावात 'गौरी' घातलीच! ग्रिम बंधूंनी ती 1812 मध्ये छापली, त्यात राजपुत्र तिला काचेच्या पेटीत निपचित पडलेली बघतो आणि एक शब्द न बोलता प्रेमात पडतो, म्हणजे दिसणं सोडून बाकी कशाचा प्रश्नच नाही. त्यांच्याच सिंड्रेलात बूट बसावा म्हणून एक सावत्र बहीण पायाचा अंगठा कापते, दुसरी टाच. हा भाग रंगीत पुस्तकांतून गायब, खरं तर मुलींना तोच सांगायला हवा. एका क्रीमने 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं, पण (राग मानू नका) तुमच्या रविवारच्या वधू-वर जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' अजून तसंच आहे.

भाचीला शेवटी चौथ्या बुटक्याचा रोल दिलाय, दाढी लावून.

– एक मावशी, ठाणे