लॉर्ड्सजवळच्या त्या जुन्या पबसाठी, काका, मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार,

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हात जोडलेले टाकून मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

लंडनला आलेला आपला माणूस लॉर्ड्स बघतो, गेटसमोर फोटो काढतो आणि परत फिरतो, मीही तेच करणार होते, तुम्ही ओढत अ‍ॅबरडीन प्लेसला नेलंत म्हणून क्रॉकर्स फॉली (म्हणजे 'क्रॉकरचा वेडेपणा') हा पब बघायला मिळाला. मला माहिती होती ती नेहमीची स्टोरी. पबचा मालक फ्रँक क्रॉकरला वाटलं रेल्वेचं टर्मिनस आपल्या दारात येणार, म्हणून त्याने महाल बांधला, स्टेशन झालं मॅरिलबोनला, मग बिचाऱ्याने खिडकीतून उडी मारली आणि आता त्याचं भूत फिरतं वगैरे. तुम्ही एका वाक्यात हवा काढलीत, "अगं, रेल्वे कुठे थांबणार ते ठरवणारा कायदा 1893 चा आणि पब 1898 चा, मधली पाच वर्षं हा पेपर वाचत नव्हता का?" आणि माणूस गेला 1904 मध्ये, 41 व्या वर्षी, उडीबिडी काही नाही! त्या काळात लंडनभर पबच्या खरेदी-विक्रीचा सट्टाच चालला होता, 1899 च्या सुमाराला तो फुगा फुटला, हे तुम्ही सांगितलंत ते मला भुतापेक्षा जास्त पटलं.

पण खरी मजा आतच. तेव्हा त्याचं नाव क्राउन होतं, सी. एच. वर्लीचं डिझाईन. सलूनमध्ये, म्हणजे पबच्या उंची दालनात, खांब संगमरवरी, फायरप्लेस संगमरवरी, बारचा काउंटरसुद्धा संगमरवरी, वर प्लास्टरचं नक्षीदार छत, आणि बिलियर्ड्सची खोली वेगळी. काउंटरवर हात फिरवत तुम्ही म्हणालात, बिअर प्यायला एवढा थाट, आपल्याकडे देवळातसुद्धा नसतो! 2004 ला बंद पडला, दहा वर्षं कुलूप, 2014 ला एका लेबनीज रेस्टॉरंट कंपनीने उघडला. पब गेला याचं वाईट वाटतं, पण ग्रेड टू स्टार लिस्टिंग (जपायच्या वारसा इमारतींच्या सरकारी यादीतलं वरचं स्थान) होतं म्हणून निदान खोल्या तरी वाचल्या, नाहीतर कुणीतरी फॉल्स सीलिंग ठोकून मोकळं झालं असतं.

हमूसचं बिलही तुम्हीच भरलंत, ते माझ्याकडे बाकी आहे. पुण्याला याल तेव्हा मिसळ माझ्याकडून, आणि लॉर्ड्सच्या नर्सरी एंडखालून (पॅव्हिलियनच्या समोरच्या टोकाखालून) त्याच रेल्वेचे बोगदे गेलेत ते सांगत होतात आणि माझी बस आली, ते तेवढं पुरं करा.

तुमची,
पुण्याची पाहुणी