जिराफ उतरवला, दुतोंड्या मारुती चढवला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा उघडायला आठवडा राहिला की मेन रोडवरच्या दुकानांत आम्हा शिक्षिकांची झुंबड उडते. घोटीव कागद, कार्डशीट, पताका आणि हल्ली तयार फ्लेक्स. 'जंगल', 'समुद्राच्या तळाशी', 'अंतराळ', कुठलीही थीम सांगा. भिंतीचं माप द्या, उद्या घेऊन जा. मी पंचवटीतल्या एका शाळेत मोठ्या शिशूचा वर्ग घेते. तीन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून मीही जंगल आणलं होतं. मधोमध छताला मान टेकलेला जिराफ. पहिल्याच दिवशी एका पठ्ठ्याने त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, याला आपला बिबट्या खातो का?"

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. त्याच्या आजोळी निफाडकडे उसात बिबट्या असतो, अंधार पडला की पोरांना अंगणात जाऊ देत नाहीत. जंगल त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी जिराफ उतरवला.

पुढच्या वर्षीपासून जुलै-ऑगस्टला आमची थीम 'गोदाकाठ'. गोदावरीच्या पात्रातला दोन तोंडांचा उंच दुतोंड्या मारुती आम्ही कार्डशीटवर मुलांच्याच उंचीचा काढला. पूर किती आला हे पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर ज्या भाषेत सांगतात, तीच आमची मोजपट्टी: घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. मुलं एकमेकांच्या अंगावर दोरा धरून मापं घेतात. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्यापेक्षा बराच वर येतो, याची त्यांना भारी गंमत वाटते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घरोघरी 'क्युसेक' कानावर पडतो, तो शब्द वर्गातही आला. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. आमच्या वर्गातल्या दोन बादल्या. "एक क्युसेक" म्हणून दोघांनी एकदम बादल्या उपड्या केल्या आणि व्हरांडाभर पाणी झालं. शिपाईमावशी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

ऑक्टोबरात द्राक्षबागेची थीम, कारण तेव्हा गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी चालू असते. मखमलाबादच्या एका मुलीच्या वडिलांनी छाटलेल्या काड्यांची मोळीच पाठवली. मोजायला काड्या, अक्षरं जुळवायला काड्या. यात माझी काही अक्कल नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, पानं, शंख-शिंपले घेऊनच बालवाडी चालवली होती. फ्लेक्सच्या दुकानापुढे उभं राहिलं की आपण ते विसरतो, एवढंच.

आता घरी जाणाऱ्या फोल्डरविषयी, कारण खरी खटपट तिथे आहे. साधी बटणाची प्लास्टिक फाइल, आत दोन कप्पे. लाल पट्टीचा 'घरी ठेवा', हिरव्या पट्टीचा 'सोमवारी परत'. शुक्रवारी जाते, सोमवारी येते. मुलांना वाचता येत नाही म्हणून नावासोबत चित्र: कुणाचं वांगं, कुणाची होडी, कुणाची घंटा. तेच चित्र दप्तराच्या खुंटीवर. शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून फाइली मुलंच वाटतात, मी हात लावत नाही.

हे शहाणपण चुकून आलं. पहिल्या वर्षी मी सगळेच कागद त्यात कोंबत असे, आणि एका घरची फी थकल्याची चिठ्ठी माझ्या हातून दुसऱ्याच मुलाच्या फाइलीत गेली. फी थकलेल्या त्या आईला नंतर गेटवर मान खाली घालून जाताना पाहिलं. तेव्हापासून फी, तक्रार, दंड यातलं काहीही फोल्डरमध्ये जात नाही. ते फोनवर, ज्याचं त्याला.

गृहपाठही जात नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट म्हटलंय, तरी "लिहायला काही देत का नाही?" असं पालकच विचारतात. त्यांना मी एक चिटोरा देते: 'या आठवड्यात नदीवर काय दिसलं? मुलाला विचारा, तुम्ही लिहा.' खाली सहीची जागा. एका सोमवारी त्या जागी नुसतं कुंकवाचं बोट उमटलेलं आलं. आई-बाबा दोघं अंबडला कंपनीत, शिफ्टला, घरी आजी. तिला लिहिता येत नाही, पण नातवाने सांगितलेलं सगळं तिने ऐकलं होतं, आणि ऐकल्याची ही खूण. मी सहीची ओळच काढून टाकली. आता तिथे मोकळा चौकोन असतो. त्यात चहाच्या कपाचा गोल डागही आलाय, तोही मी धरते.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की जूनमध्ये 'भिंती सजल्या का' म्हणून फेरी मारू नका. भिंती कोऱ्या असू द्या, पोरं भरतील त्या महिन्याभरात. आणि पालकहो, शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं ती फाइल मुलालाच उघडू द्या. व्हॉट्सॲपवर फोटो मागू नका.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीचा फोटो आपण छापता, तो जरा मोठा आणि त्याच कोनातून छापत जा. गेल्या वर्षीची कात्रणं भिंतीवर ओळीने लावली, तर एकात मारुती डावीकडून आणि एकात उजवीकडून. पाणी चढलं की उतरलं, यावरून वर्गात भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

आपली,
मोठ्या शिशूच्या वर्गाची एक बाई,
पंचवटी, नाशिक