गिअरबॉक्स खोलून दाखवणाऱ्या मिस्त्रीभाऊंचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स आपण दुरुस्त करून दिला आणि त्याची मजुरी आपल्याला पोहोचली आहे. मात्र तात्पुरता उपाय कोणता आणि खरी दुरुस्ती कोणती, हे आपण ज्या सचोटीने वेगळे करून सांगितले, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना गाडी करकरत असे. आधीच्या एका गॅरेजमध्ये त्यावर १४० नंबरचे जाड ऑइल भरून दिले होते. त्याने आवाज दबला, पण हिवाळ्याच्या सकाळी गिअर पडेनासे झाले आणि आतली झीज चालूच राहिली.

आपण पाना हातात घेण्याआधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे तो बिनआवाज पडला म्हणजे क्लच नीट सुटतो आहे, हे मला तेव्हा समजले. नुसती क्लचची केबल ताणून पैसे घेणे आपल्याला सहज शक्य होते. त्याऐवजी आपण ऑइल ट्रेमध्ये काढून उन्हात धरले. त्यात सोनेरी चमक दिसत होती आणि ती चुंबकाला चिकटत नव्हती. लोखंड नाही, पितळ झिजते आहे, म्हणजेच सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा (सिंक्रो रिंगा) गेल्या आहेत, असे आपण सांगितले.

तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात होती आणि गाडी उभी ठेवणे आम्हाला परवडणारे नव्हते. आपण जीएल-४ प्रतीचे योग्य ऑइल भरले, खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस देऊन पुन्हा क्लच दाबायला शिकवले आणि पैसे फक्त ऑइलचे घेतले. ‘ही दुरुस्ती नाही, हंगाम काढायची सोय आहे,’ हे आपले शब्द होते. अशी सोय करून देणे गैर नाही, ती दुरुस्ती म्हणून विकणे गैर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगाम संपल्यावर भंगारातला दुसरा गिअरबॉक्स बसवण्याचा सल्ला गावात अनेकांनी दिला. त्याच्या आत काय झिजले आहे ते कोण सांगणार, असे म्हणून आपण आमचाच उतरवला. दुसऱ्या गिअरची जुनी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून फिरवली तेव्हा ती साबण लावल्यासारखी घसरली. नवी रिंग तिथेच घट्ट धरून राहिली. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर गाडी बहुतेक पहिल्या-दुसऱ्यातच चालते, म्हणून हीच रिंग सर्वांत जास्त खाल्ली गेली होती. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सीलही पाहून घ्यावे, कारण त्यासाठी पुन्हा तीच मजुरी पडते, हेही आपण आपणहून सांगितले. बदललेला प्रत्येक भाग आपण माझ्या हातात दिला.

आता चढावर दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. नव्या रिंगांचा सुरुवातीचा चुरा ऑइलमध्ये उतरतो, असे आपण म्हणाला होता. म्हणून पोळ्याआधी ऑइल तपासायला गाडी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
आर्वी तालुक्यातील एक शेतकरी