सईच्या कुरवांसाठी, डनेडिनहून

डनेडिन, न्यूझीलंड
१० नोव्हेंबर

ती. आबांना आणि आईला सा. नमस्कार. चि. सईला अनेक आशीर्वाद.

सई, तुझ्या प्रकल्पाचा कागद वाचला. गुहागरच्या किनाऱ्यावरचे कुरव (सीगल) माणसाला किती जवळ येऊ देतात ते मोजायचं, आणि त्यावरून नगरपंचायतीला पाटीसाठी एक अंतर सुचवायचं. विषय चांगला आहे आणि खर्चही नाही. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की कर: पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असं नसतं. ते का, हे पुढे सांगते. आधी मोजायचं कसं ते.

सामान थोडंच लागतं. तीस मीटरची टेप, दुर्बीण, वही, खिशात मूठभर शिंपले आणि नोंदी करायला एक मैत्रीण. पहिल्या दिवशी पक्ष्यांकडे जाऊच नकोस, आपलं पाऊल मोजून घे. ओल्या वाळूत तीस मीटर चाल, पावलं मोज. मग सुक्या वाळूत तेच कर. सुक्या वाळूत पाय रुततो, पाऊल आखूड पडतं, म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे ठेव. समज, ओल्या वाळूत ४२ पावलं झाली तर तुझं पाऊल ७१ सेंटिमीटरचं. हे न करता अंदाजाने "वीस मीटर" लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते आकडे कुणाच्या कामाचे नसतात.

मग एक थवा निवड. त्यातला तुझ्या सर्वांत जवळचा पक्षी ठरव आणि त्याच्याकडे सरळ चाल, साधारण सेकंदाला एक पाऊल. वेग बदलायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. निघालीस तिथे एक शिंपला टाक. त्याने मान वर करून तुझ्याकडे बघितलं की दुसरा, चालत बाजूला सरकायला लागला की तिसरा, उडाला की चौथा. शिंपला वाकून ठेवू नकोस, हातातून नुसता सोड. वाकलीस तर पक्षी त्या वाकण्यालाच दचकतो. शेवटी तो जिथे उभा होता तिथपर्यंत जा. ओल्या वाळूत पावलांचे ठसे असतात, कुरवाच्या तीन बोटांमधला पडदाही उमटलेला दिसतो. तिथून मागे प्रत्येक शिंपल्यापर्यंत पावलं मोज.

निघालीस ते अंतर लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. शंभर मीटरवरून निघालं तर पक्षी लवकर सावध होतो, तीस मीटरवरून निघालं तर उशिरा, कारण तीसच्या पलीकडे सावध व्हायची संधीच तू त्याला दिलेली नसते. जमेल तितकं एकाच अंतरावरून निघ. तोच थवा त्या दिवशी पुन्हा घेऊ नकोस. एकदा उडवलेला पक्षी दुसऱ्यांदा आधीच बिथरलेला असतो.

भरती-ओहोटी नोंदव. भरतीला पुळण अरुंद होते, सगळे पक्षी एका पट्ट्यात दाटीने बसतात. ओहोटीला खाण्यासाठी पांगतात. दोन्ही वेळचे आकडे एकत्र केलेस तर त्यातून काहीच निघणार नाही. वेळ कशी काढायची ते आबांना विचार, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला सुकती. उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस आणि भांगाचे (लहान भरतीचे) दिवस वेगळ्या रकान्यात लिही.

कुत्रा, धावणारं पोर, मोटरसायकल, उंटाची सवारी, हे प्रत्येक वेगळं प्रकरण आहे. या प्रकल्पात फक्त एकटं चालणारं माणूस घे. वाळूत चिखल्या पक्ष्याचं घरटं दिसलं तर मोजणं तिथेच बंद. उन्हात उघडं पडलेलं अंडं बघता बघता तापतं, आणि तुझ्या मागे कावळे असतातच.

आता ती खोच. ब्रिटनमध्ये कॉलिन बील आणि पॅट मोनॅहन या दोघांनी २००४ साली खडकाळ किनाऱ्यावरच्या टर्नस्टोन पक्ष्यांवर एक साधा प्रयोग छापला. काही पक्ष्यांना जादा खाणं घातलं, काहींना नाही. मग माणूस जवळ गेला. पोट भरलेले पक्षी लांबूनच उडाले. उपाशी होते ते जास्त जवळ येईपर्यंत टिकून राहिले. म्हणजे जो उडत नाही तो निर्धास्त असतो असं नव्हे. कधी कधी त्याला उडणं परवडत नाही. तुझ्याकडे फरसाण टाकणाऱ्या पर्यटकांजवळचे कुरव तीन मीटरवर बसलेले सापडतील. ते अंतर फरसाणाचं आहे, ते पाटीवर लिहू नकोस.

इथला दाखला आणखी बोलका आहे. ओटॅगो द्वीपकल्पावर पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन आहे, होइहो, इथल्या पाच डॉलरच्या नोटेवरचा. (आई, बर्फ नाही. हा पक्षी किनाऱ्यालगतच्या झाडीत घरटं करतो.) सध्या अंडी फुटून पिल्लं निघायचे दिवस आहेत. उर्सुला एलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी घरट्यात एक कृत्रिम अंडं ठेवलं, आत हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र. पेंग्विन त्यावर बसतो तेव्हा पोटाची उघडी कातडी अंड्याला टेकते आणि ठोके नोंदले जातात. बाहेरून पक्षी शांत, घरट्यावरून हललेला नाही.

२०१३ साली छापलेले निष्कर्ष कुणाच्याही अंदाजाच्या उलट होते. माणूस नजरेसमोर असेपर्यंत ठोके वाढलेलेच राहतात. किती वेळ थांबलात हे सर्वांत महत्त्वाचं. त्याखालोखाल हालचाल. त्याच अंतरावर, तेवढाच वेळ, निश्चल बसलेल्या माणसापेक्षा हळूहळू सरपटत फिरणाऱ्या फोटोग्राफरला ठोके जास्त वाढले. पक्ष्याला उचलून घरटं तपासण्याचा झटपट उपद्व्यापही त्या जपून सरकणाऱ्या फोटोग्राफरपेक्षा कमी ताणाचा ठरला. घरट्यापासून दोन मीटरच्या आत वीस मिनिटं सावकाश वावरणारा एकटा माणूस, आणि अंगावर नोंदयंत्र बसवण्यासाठी पक्ष्याला दहा मिनिटं हातात धरणं, यांचा परिणाम जवळजवळ सारखाच असू शकतो. मला विचारशील तर दबकत येणारा प्राणी शिकारीच असणार, हे पक्ष्याचं गणित अगदी बरोबर आहे. आपले हौशी फोटोग्राफर पोटावर सरपटत कुरवांकडे जातात आणि "मी त्रास दिला नाही" म्हणतात, त्यांना हे ऐकव.

पर्यटक मोकाट फिरणाऱ्या इथल्या सँडफ्लाय बेवर होइहोंची पिल्लं कमी जगली आणि वजनालाही हलकी भरली, हे त्याआधी, २००७ सालीच दिसलं होतं. समुद्रातून परतलेला पेंग्विन पुळणीवर माणसं दिसली की लाटांतच थांबतो किंवा माघारी फिरतो, आणि पिल्लाचं खाणं लांबतं. इथलं संवर्धन खातं होइहोपासून किमान ५० मीटर लांब राहायला सांगतं.

तुला यंत्राचं अंडं नको, घड्याळ पुरे. प्रत्येक मोजणीत आणखी दोन गोष्टी टिप: चालायला लागण्याआधी एका मिनिटात पक्षी खाण्यासाठी किती वेळा टोचतो, आणि तू दूर गेल्यावर पुन्हा तितक्याच वेगाने टोचायला किती मिनिटं लागतात. उडून किती लांब बसला तेही लिही. पन्नास मीटरवर बसून लगेच खायला लागला आणि किनाराच सोडून गेला, या दोन्हींना "उडाला" म्हणून चालणार नाही.

शेवटी हिशेब. सरासरी काढून पाटीवर लिहू नकोस. सरासरी अंतरावर माणूस उभा राहिला की निम्म्याच्या आसपास पक्षी आधीच उडालेले असतात. सगळ्या नोंदी मोठ्यापासून छोट्यापर्यंत लाव. चाळीस असतील तर वरून तिसरी घे. त्या अंतरापर्यंत चाळीसपैकी दोनच पक्षी आधी उडाले. आणि पाटीसाठी उडण्याच्या नव्हे, मान वर करण्याच्या अंतरावर हा हिशेब कर. आकडा मोठा येईल, सर कुरकुर करतील, करू देत. प्रत्येक जातीच्या किमान तीस नोंदी हव्यात. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव वेगळे धर. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी असतात, तेव्हा डोळा बघ. तपकिरी डोक्याच्याचा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद.

पहिल्या दहा नोंदींचा फोटो काढून पाठव, रकाने बरोबर पडलेत का बघते. दादाला म्हणावं, मोजणीच्या दिवशी मोत्याला घरी बांधून ठेव.

तुझी,
आत्या